पहिल्या वर्षाचा पैसा : कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

गाव सोडून पुण्यात शिकायला निघालेल्या मुलाला घरातला प्रत्येक जण एकच गोष्ट बजावतो : जपून खर्च कर. सल्ला खरा आहे, पण कशावर जपून, हे त्यात कुणी सांगत नाही. मग बीड, नांदेड, यवतमाळ, नंदुरबार इथून आलेली मुले-मुली आपापल्या समजुतीने बचत सुरू करतात आणि ती बहुतेक वेळा पोटापासून सुरू होते. सकाळचा नाश्ता बंद होतो. मेस एकाच वेळची लावली जाते. रात्री वडापाव, नाहीतर चहाबरोबर बिस्किटांचा पुडा. घरी फोनवर मात्र ‘जेवलो’ असेच सांगितले जाते.

याच मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्या वेळी एखादा दाखला कमी म्हणून परत आलेला असतो आणि त्याने तो महिनाभर उघडून पाहिलेला नसतो. खोलीचे डिपॉझिट रोख दिलेले असते, पावती घेतलेली नसते. बसचा पास काढायचा राहिलेला असतो. नाश्ता रोज ४० रुपयांचा धरला, तर महिन्याचे १,२०० आणि दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षाचे १२,००० होतात. पुण्यात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधार या सरकारी योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. म्हणजे एका अर्जात पाच वर्षांचा नाश्ता आहे. पहिल्या वर्षाच्या पैशाचा प्रश्न या हिशेबापासून पाहायला हवा. मोठी रक्कम कागदांवर, खिडक्यांवर आणि पहिल्या दोन महिन्यांतल्या चार-पाच निर्णयांवर वाचते. जेवणात कपात करून वाचते ते फार थोडे, आणि त्याची किंमत शरीर फेडते.

यातला पहिला निर्णय तर पुण्यात पाऊल ठेवण्याआधीच होऊन गेलेला असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे मुलांच्या भाषेत कॅप राउंडमधून घेतला की व्यवस्थापन कोट्यातून, यावर पुढच्या तीन-चार वर्षांचा खर्च ठरतो. फीसवलतीच्या मोठ्या सरकारी योजना कॅपमधून आलेल्यांसाठी आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने यापुढचे पाऊल टाकले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ‘थोडे जास्त भरा, नावाजलेल्या कॉलेजात मॅनेजमेंटची जागा देतो’ असे सांगणारा कुणी भेटला, तर त्या जागेची फी आणि हातची गेलेली सवलत यांची बेरीज कागदावर मांडून आई-वडिलांसमोर ठेवावी. बहुतेक घरांत पुढचा विचार त्या बेरजेपाशीच थांबेल.

माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची असते, हेही नीट समजून घ्यावे. विकास निधी, ग्रंथालयाची अनामत, वसतिगृह, जिमखाना हे आकडे उरतातच. ते किती असावेत याला धरबंध आहे. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि मंजूर आकडे संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहता येतात. प्रवेशाच्या दिवशी ते पान मोबाइलमध्ये उतरवून घेऊन जावे. कॅपिटेशन फी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ज्या रकमेची पावती मिळणार नाही ती रक्कम द्यायची नाही, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ काही टळते.

प्रवेश बदलताना पैसे बुडाले, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. एका कॉलेजात फी भरली, मग दुसरीकडे नंबर लागला आणि पहिले कॉलेज ‘फी परत मिळत नाही’ म्हणाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत याचे स्पष्ट प्रमाण दिलेले आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंतचा प्रक्रिया खर्च वजा करून पूर्ण फी परत मिळते. शेवटच्या तारखेआधीच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. काही वर्षी आयोग विद्यार्थ्यांना याहून अधिक सूट देतो, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायलाही याच अधिसूचनेने मनाई आहे. तंत्रशिक्षणाच्या संस्थांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम लागू होतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी : तारीख मोजली जाते. तोंडी सांगून काही होत नाही. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा, आवक शिक्का मारलेली प्रत घ्यावी आणि ईमेलही पाठवावा.

आता शिष्यवृत्ती. या लेखात मी सगळ्यात जास्त जागा तिला देणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे आहे आणि सगळ्यात जास्त गळतीही इथेच होते.

राज्यातल्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. फीच्या योजना एका बाजूला आणि राहण्या-जेवणाच्या योजना दुसऱ्या बाजूला, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहात राहणे आणि जेवण मोफत असते, पण जागा कमी. तिथे नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिची वर्षाची रक्कम ६०,००० आहे : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. इतर महापालिकांच्या शहरांत ती ५१,००० होते. याच धर्तीवर अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे आणि इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ‘आमच्या प्रवर्गाला काहीच नसते’ असे कट्ट्यावर ऐकून अर्ज न भरणारी मुले दरवर्षी निघतात. कट्ट्यावरचे ऐकण्यापेक्षा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकाला विचारावे. त्या टेबलावरच्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घेणे हे पहिल्या वर्षातले सगळ्यात फायद्याचे काम आहे.

अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे नाही. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाच्या कार्यालयात, मग मंजुरी, मग रक्कम. यातल्या कुठल्याही पायरीवरून तो ‘सेंड बॅक’ होऊ शकतो, म्हणजे त्रुटी दाखवून तुमच्याकडे परत येतो. त्रुटी साध्या असतात : उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा, बोनाफाईडवर शैक्षणिक वर्ष चुकलेले, बारावीनंतर खंड पडला असून त्याचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही, आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक. दुरुस्तीला मुदत असते आणि ती गेली की वर्ष गेले. म्हणून दर रविवारी एकदा लॉगिन करून अर्ज कुठे आहे ते पाहायचे. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी मोठी गळती बँक खात्यापाशी होते. खात्याला आधार जोडलेले आहे, असे मूल छातीठोक सांगते आणि पैसे तरीही येत नाहीत. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावरून पाठवली जाते आणि ती त्या आधारशी शेवटच्या सीडिंग झालेल्या बँकेत जाते. अनेकांचे आधार शाळेत असताना उघडलेल्या गावच्या बँकेतल्या खात्याशी सीड केलेले असते. ते खाते व्यवहार नसल्याने किंवा केवायसी नसल्याने बंद पडलेले असते. अर्जात पुण्यातल्या नव्या खात्याचा क्रमांक लिहून उपयोग होत नाही. बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा अर्ज द्यावा लागतो आणि कुठली बँक सीड आहे हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येते. गाव सोडण्याआधी एवढे तपासले तरी पुढचे चार महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

दाखले गावातूनच आणावे लागतात हेही लक्षात असू द्या. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेअरचा आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधतेचा. पुण्याहून एका दाखल्यासाठी परत जाणे म्हणजे एसटीचे भाडे, दोन दिवसांची हजेरी आणि घरच्यांचा एक बुडालेला रोज. प्रत्येकाच्या झेरॉक्स प्रती आणि स्कॅन केलेल्या फाइली एका ठिकाणी ठेवाव्यात. डिजिलॉकरमध्ये मिळतील ती कागदपत्रे तिथेही घ्यावीत.

कर्जाविषयी थोडक्यात. शैक्षणिक कर्ज हे लाजेचे काम नाही, पण तो शेवटचा पर्याय आहे. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीन दोन्हींशिवाय कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. शिकत असताना निदान व्याज भरत राहणे ज्यांना जमेल, त्यांनी ते जरूर करावे.

राहण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही आणि त्याचे उत्तरही इथे शंभर वर्षांपूर्वी सापडले होते. एके काळी पुण्यात गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पण सगळ्याच जातींच्या मुलांना ती दारे उघडी नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, जी आजही ग्रामीण भागातल्या मुला-मुलींना अल्प खर्चात ठेवते. या सगळ्या माणसांना एक गोष्ट कळली होती : खेड्यातल्या मुलाचे शिक्षण फीपेक्षा भाकरीने आणि छपराने अडते. त्यांनी शाळा काढल्या, पण वसतिगृहे त्यांच्याबरोबरीने, कधी आधीही काढली. म्हणूनच आज खाजगी खोली शोधण्याआधी कॉलेजचे वसतिगृह, सरकारी वसतिगृह, समितीसारख्या संस्था आणि आपल्या जिल्ह्याच्या किंवा समाजाच्या ट्रस्टची वसतिगृहे, सगळीकडे अर्ज टाकून ठेवावा. या संस्थांचे अर्ज निकालाच्या सुमारास सुटतात आणि मुलाखत असते. ऑगस्टमध्ये चौकशी करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

नंबर कुठेच लागला नाही तर कॉट बेसिस. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत एका खोलीत चार-पाच कॉट आणि प्रत्येकाचे वेगळे भाडे, हा जुना प्रकार आहे. उपनगरांत तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घेतला जातो. दोन्हीकडे भाड्याइतकेच बाकीचे आकडे विचारावेत. डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत मिळणार? वीज भाड्यात धरलेली की वेगळी? वेगळी असेल तर महावितरणच्या बिलाप्रमाणे की मालकाने ठरवलेल्या दराने? मे महिन्यात खोली बंद असताना भाडे द्यायचे का? मध्येच सोडली तर किती दिवसांची सूचना? एजंटाचे एक भाडे ही मोठी रक्कम आहे. ती वाचवायची असेल तर जून-जुलैत कॉलेजच्या परिसरात एक दिवस पायी फिरावे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावे, कारण त्यांच्याच खोल्या रिकाम्या होत असतात.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती केली नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. डिपॉझिट रोख न देता खात्यावरून द्यावे, त्याची नोंद आपोआप राहते. सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, पंखा, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. ‘रंग खराब केला’ म्हणून वर्षअखेरीस कापले जाणारे पैसे अशा फोटोंमुळे थांबतात. आणि खोली कॉलेजपासून चालण्याच्या अंतरावर मिळत असेल, तर पाचशे-सातशे रुपये महाग असली तरी घ्यावी. लांबच्या स्वस्त खोलीमुळे दुचाकी घ्यावीशी वाटते, आणि पहिल्या वर्षात दुचाकी घेणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि दंड यांची बेरीज भाड्यातल्या फरकाच्या कितीतरी पुढे जाते. जुनी सायकल पुष्कळ चांगली.

जेवणात बचत करायची ती मेस निवडताना करावी, जेवण टाळून कधीच नाही. महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक ताट पैसे देऊन जेवून पाहावे. भाजीत तेल किती, डाळ किती पातळ, पोळ्या मोजून की हव्या तेवढ्या, रविवारी रात्री मेस बंद असते का, हे एका जेवणात कळते. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न खाड्याचा. गावी गेल्यावर किती दिवसांचा खाडा धरतात? काही मेसवाले सलग तीन-चार दिवसांपासून धरतात, तेही आदल्या दिवशी सांगितले तरच. दिवाळी, गणपती आणि सबमिशननंतरची सुट्टी मिळून वर्षात खाड्याचे बरेच दिवस होतात, ते कागदावर लिहून मेसवाल्या मावशींची किंवा काकांची सही घ्यावी. कूपनची सोय असेल आणि तुमचे वर्ग दुपारी लांबत असतील, तर महिन्याच्या ठोक रकमेपेक्षा कूपन बरे.

घरून येताना शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले फुटाणे, मेतकूट, चिवडा असे टिकणारे आणावे. संध्याकाळी पाच वाजता लागणारी भूक यावर भागते आणि तीच भूक बाहेरच्या खर्चाचे मूळ आहे. केळी, अंडी, दूध यांवरचा खर्च कधी कापू नये. मुलींनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण घरात शेवटी आणि उरलेले खाण्याची सवय त्यांना आधीच लागलेली असते आणि शहरात ती ‘काटकसर’ या नावाने पुढे चालू राहते. डोके दुखणे, वर्गात झोप येणे, केस गळणे यांची सुरुवात बहुधा इथे असते. मग डॉक्टर आणि औषधे यांत वाचवलेले सगळे जाते.

पुस्तकांचे गणित सोपे आहे. पहिल्या आठवड्यात काही विकत घेऊ नये. कुठला विषय कुठल्या पुस्तकातून शिकवला जातो हे कळायला पंधरा दिवस लागतात. ग्रंथालयाचे कार्ड आधी काढावे आणि बुक बँकेत नाव घालावे. मग अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके पाहावीत. तिथे वर्षअखेरीस तीच पुस्तके परत विकताही येतात, म्हणून कव्हर घालून जपावीत. मुंबईतल्या मुलांना माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अभ्यासक्रमाची जुनी पुस्तके मिळतात. इंजिनिअरिंगची मुले ज्यांना ‘लोकल ऑथर’ म्हणतात ती पुस्तके परीक्षेपुरती उपयोगी आहेत, पण मूळ संदर्भग्रंथ ग्रंथालयातून आणून समजून घेतलेला विषयच पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, एप्रन, कॅल्क्युलेटर, एमबीबीएसच्या मुलांना लागणारा बोन सेट, हे सगळे सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळते आणि पुढे ज्युनिअरला देता येते. आयआयटींच्या एनपीटीईएलवरचे आणि स्वयम् पोर्टलवरचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क पडते. महागडा ऑनलाइन क्लास लावण्याआधी हे पाहून घ्यावे.

लॅपटॉपची घाई करू नये. पहिल्या सत्रात कॉलेजची प्रयोगशाळा बहुतेकांना पुरते. आपल्या शाखेला कुठले सॉफ्टवेअर लागते हे शिक्षकांना विचारून मगच घ्यावा, आणि कॉलेजचा ईमेल मिळाल्यावर घ्यावा, कारण बऱ्याच कंपन्या त्यावर सवलत देतात. लिखाणाला लिबर ऑफिस मोफत आहे.

प्रवासाच्या सवलती तयार आहेत, फक्त अर्ज लागतो. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला भाड्याच्या एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. रेल्वेत घर ते कॉलेज या मासिक पासाला पदवीपर्यंतच्या मुलींना आणि बारावीपर्यंतच्या मुलांना दुसऱ्या वर्गात काही पडत नाही. सुट्टीत गावी जाताना शयनयान दर्जात ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म घेऊन आरक्षण खिडकीवर जावे लागते, ॲपवर ती मिळत नाही. पुणे मेट्रोत विद्यार्थी कार्डावर ३० टक्के सूट आहे आणि पीएमपीचा विद्यार्थी पास कॉलेजच्या बोनाफाईडवर निघतो.

खाते कुठले, तर किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते. त्यात शिल्लक कमी पडली म्हणून दंड लागत नाही. महिन्याचा पैसा आला की भाडे आणि मेस पहिल्याच दिवशी भरून टाकावे. उरलेल्याचे चार भाग करून दर सोमवारी एक भाग यूपीआय लाइटमध्ये किंवा दुसऱ्या खात्यात घ्यावा आणि आठवडा त्यातच काढावा. स्कॅन करून दिलेले दहा-वीस रुपये लक्षात राहत नाहीत, म्हणून वहीत लिहावे. मित्रांबरोबर बाहेर जाताना टीटीएमएम, म्हणजे तू तुझे मी माझे, हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाकावे. वाढदिवसाच्या पार्ट्या, डेजचे कपडे, ग्रुपचे टी-शर्ट यांच्या कॉन्ट्रीला ‘या वेळी जमणार नाही’ एवढे सरळ सांगितले तर खरी मैत्री तुटत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप फोनमध्ये घेऊ नका. ती संपर्क यादी आणि फोटो मागतात, आणि हप्ता चुकला की तुमच्या नातेवाइकांना फोन जातात. दुसरे, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असे सांगणारा ओळखीचाही असू शकतो. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलिस येतात ते खातेदाराकडे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर कळवावे, पहिल्या काही तासांत पैसा गोठवता येतो. आणि पैसे संपले तर घरी सांगावे. आई-वडिलांना पाचशे रुपये मागताना जीवावर येते, हे खरे आहे. पण ॲपच्या वसुलीवाल्याचा फोन त्यांना जाण्यापेक्षा ते सोपे आहे.

कमाईचा विचार करताना कर्मवीरांच्या नावाने विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत चालणारी कमवा व शिका योजना आधी पाहावी. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग इथे रोज ठरावीक तास काम आणि तासावर मानधन मिळते. रक्कम मोठी नाही, पण काम कॉलेजच्या आवारातच असते आणि परीक्षेच्या काळात सांभाळून घेतात. शाळकरी मुलांच्या शिकवण्या हाही चांगला मार्ग आहे. रात्रीच्या डिलिव्हरीचे काम पहिल्या वर्षी घेऊ नये असे माझे मत आहे. एक विषय राहिला तर परीक्षा फी पुन्हा पडते आणि पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. ‘इंटर्नशिपसाठी आधी नोंदणी शुल्क भरा’ म्हणणाऱ्यांना नाही म्हणावे.

आजारपणात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचा केस पेपर परवडतो आणि जनऔषधी केंद्रात जेनेरिक औषधे बरीच स्वस्त मिळतात. तिथे सॅनिटरी पॅड एक रुपयाला मिळते, हे मुलींनी एकमेकींना सांगावे. मन बसत नसेल, झोप लागत नसेल, घरची आठवण असह्य होत असेल तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

वर्ष संपताना पुन्हा थोडी धावपळ असते. खोली सोडायची असेल तर महिनाभर आधी लेखी सूचना, मेसची अनामत, पुस्तके आणि ड्राफ्टर विकणे. कॉलेज बदलणार असाल तर ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची अनामत परत मागण्याचा अर्जही त्यातच. परीक्षेच्या गडबडीत हे मागे पडते, म्हणून शेवटच्या पेपरनंतर लगेच गाडी न धरता दोन दिवस पुण्यात थांबावे. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालत नाही, नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो आणि त्याला पहिल्या वर्षाची गुणपत्रिका व उत्पन्नाचा नवा दाखला लागतो. तो दाखला गावी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तहसीलमधून काढायला टाकावा. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि आठ दिवसांचे काम महिन्यावर जाते.